पन्हाळ्यावरचं धोंड्याचं जेवण

२०२३ साली दोन श्रावण आले. पहिला अधिकाचा. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात लेकीला आणि जावयाला घरी बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे खायला घालायचे, वाण द्यायचं आणि लेकीची ओटी भरून दोघांना वाटेला लावायचं, अशी रीत. आमच्या घराण्यात हे जेवण कधी चुकलं नव्हतं, आणि घराबाहेरही कधी झालं नव्हतं. त्या वर्षी मात्र ते पन्हाळगडावर झालं, एका पत्र्याच्या शेडात, भर पावसात.

मनाली तेव्हा आठ महिने कोडोलीला, माहेरी होती. गडहिंग्लजला सासरी असताना तिचं मूल पोटातच गेलं. माझा धाकटा भाऊ अण्णासो लेकीला पंधरा दिवस विश्रांतीला म्हणून घेऊन आला, आणि पुढं तिला न्यायला कुणी आलंच नाही. तिची सासू यल्लव्वा फोनवर म्हणायची, "तुम्ही नेली, तुम्हीच आणून सोडा." अण्णासो म्हणायचा, "पोरगी म्हंजे उसाची मोळी हाय व्हय, नेऊन टाकायला? त्यांनी यावं." दोन घरं आपापल्या उंबऱ्यात पाय रोवून उभी आणि पोरगी मधल्यामधे.

तोडगा काढला सूरजनं. हा मनालीचा धाकटा भाऊ. त्याला घाई होती. गगनबावड्याकडची एक सोयरीक येऊ घातली होती आणि त्या लोकांनी "थोरली बहीण घरात का?" असं विचारलं होतं. तिकडं मनालीच्या नवऱ्याच्या, राजवीरच्या धाकट्या भावाची सुपारी निज श्रावणात फुटायची होती. पावण्यांनी थोरली सून कुठं म्हणून विचारलं तर काय सांगायचं, ही यल्लव्वाची काळजी. पण मुलाला सुनेच्या माहेरी जेवायला पाठवायची तिची तयारी नव्हती.

"मधलं ठिकाण बघूया की," सूरज म्हणाला. "ना आपलं दार, ना त्यांचं. गड महाराजांचा. तिथं कुणाचं नाक कापलं जात न्हाई."

रविवारी सकाळी निघताना धोंड्यांचा डबा ठेवायला मी गाडीच्या डिकीत वाकले, तर ताडपत्रीखाली मनालीची निळी बॅग. गच्च भरलेली. माझी भावजय शालन मागंच उभी होती.

"आक्का, बोलू नका," ती हळूच म्हणाली. "जेवण झालं की मी ओटी भरतो. तिकडनंच ती गडहिंग्लजला जाईल. घरातनं जाताना सगळी गल्ली बघत्या."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं तर गाडीत बसंल व्हय?"

मी डबा ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. मालक गेल्यापासून मी भावाच्या घरात राहते. भाऊ-भावजयीनं मला कधी दोन शब्द वावगे बोलून दाखवले नाहीत, पण मीही त्यांच्या लेकीसुनांच्या गोष्टीत तोंड घातलं नव्हतं. त्या दिवशी ते गप्प बसणं मला बसू देईना.

वाघबिळाच्या पुढं धुकं लागलं. चौथीत असताना शाळेबरोबर मी या घाटानं पहिल्यांदा आले. तेव्हा एस.टी. थांबवून गुरुजींनी आम्हाला खाली उतरवलं होतं आणि तटाकडं बघून हात जोडायला लावले होते. लग्नानंतर मालकांबरोबर आले तेव्हा थंडी होती आणि तटावरनं पार जोतिबाचा डोंगर दिसत होता. आता रस्त्याची कडसुद्धा दिसत नव्हती.

"बघ मनू, तिकडं मसाई पठार," अण्णासो काचेवर बोट टेकवून म्हणाला.

"आबा, काय बघू? पिठाच्या गिरणीत बसल्यागत झालंय."

"मग ऐकून घे. बघायला गावत न्हाई ते ऐकायचं."

"आठ महिनं तेच चाललंय की," मनाली म्हणाली.

सूरजनं उगाचच हॉर्न वाजवला.

तीन दरवाजापाशी गडहिंग्लजची गाडी आधीच येऊन थांबली होती. यल्लव्वा कमानीखाली उभी. अंगावर इरकल, गळ्यात ठुशी, आवाज तोच.

"काय ईनबाई, जावयाला गडावर बोलवून जेवू घालायची ही कुठली रीत? पूर्वी गडावर कैद्यास्नी घालायची जेवाय."

शालन हसली, कारण हसावं लागतं.

"पावणं मोठं, म्हणून जागा मोठी बघितली," अण्णासोनं सावरून घेतलं.

राजवीरनं वाकून मला नमस्कार केला. "आत्या, बऱ्या हाय न्हवं?" मग त्यानं मनालीकडं बघितलं. ती कमानीच्या बाहेर, पावसात उभी होती. त्याच्या हातात छत्री होती. त्यानं ती अर्धी पुढं केली.

"राजू, छत्री हिकडं धर, माझी इरकल भिजाय लागली," यल्लव्वा म्हणाली.

छत्री तिकडं गेली.

राजवीर वाईट मुलगा नव्हता, हे मी आजही म्हणते. अंबरखान्यात तो आणि सूरज आम्हा सगळ्यांच्या पुढं गेले. पूर्वी जिथं गडाचं धान्य साठवायचे त्या उंच, अंधाऱ्या कोठ्या. वरच्या भोकांतून पावसाच्या धारा आत येत होत्या. तिथं त्यांचं काय बोलणं झालं ते सूरजनं मला फार पुढं सांगितलं. राजवीर आईला अव्वा म्हणायचा.

"दाजी, आज बोला की तिच्यासंगं."

"काय बोलू?"

"काय बी. चल म्हणा."

"अव्वा बोलतीया की."

"तिचा नवरा अव्वा हाय व्हय?"

कोठीनं ते वाक्य उचललं आणि घुमवून दारापर्यंत आणलं. आम्ही दारातच होतो.

"कोण रं अव्वा म्हणालं?" यल्लव्वानं आत तोंड घालून विचारलं.

"कोण न्हाई मावशी, भित म्हणाली," सूरज आतून ओरडला.

मनालीला हसू आलं. आठ महिन्यांत मी ते पहिल्यांदा बघत होते, आणि तिच्या आईनं लगेच "हळू" म्हणून तिचा दंड दाबला.

आत राजवीर भिंतीला टेकून म्हणाला, "त्या दिवशी मी दवाखान्यात जायला निघालतो रं. दुकानात खताची गाडी आलती. अव्वा म्हणाली, बायकांचं काम हाय, तू जाऊन काय करणार? मी सांजंला गेलो. तिनं तोंड भितीकडं केलतं. डॉक्टर मलाच रागं भरला. मग मला तिच्यापुढं जायाचं धाडसच होईना."

"हेच तिला सांगा की."

"सांगतो. जेवताना सांगतो."

सूरज बाहेर आला तो निराळाच होऊन. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत्या, दाजी बोलणार हाय. काम झालं." त्याला खरंच वाटत होतं की काम झालं. त्याला बहिणीची कणव नव्हती असं नाही. बहिणीचं भलं आणि आपली सोयरीक एकाच गाडीत बसत होती, म्हणून तो खूश होता.

अण्णासो आणि यल्लव्वा पुढं चालले होते. मनालीनं रक्त-लघवी तपासण्याचा कोर्स केलेला. लग्नाआधी ती कोडोलीतल्या एका लॅबमध्ये जायची. अण्णासोनं विहिणीला एवढंच विचारलं, की पोरीला तिकडं काम करू द्याल का.

"सुपारी होऊ दे, मग बघू," यल्लव्वा म्हणाली.

"बघू म्हंजे व्हय का न्हाई?"

"बघू म्हंजे बघू. पावणं, पोरगी तुमच्या घरात आठ महिनं बसली. आम्ही कुठं बोललो? झाकून न्यायला बघतोय तर तुम्ही अटी घालताय."

अण्णासो पुढं चालायला लागला. "आक्का, तवा मला वाटलं, आज ती जाऊ दे. म्हंजे मी सुटलो," असं तो मला पुढं दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, आणि तोंडावर पांघरूण ओढून घेतलं.

अंधारबावीपाशी सगळे थांबले. गडाच्या तटातच बांधलेली ती तीन मजली विहीर. पायऱ्या निसरड्या, आत काळोख. शालन म्हणाली, मी न्हाई येत. यल्लव्वा म्हणाली, मला गुडघे हायत. मला तर तिच्याहून जास्त गुडघे, पण मी मनालीचा हात धरला आणि म्हणाले, "चल, मला खाली ने."

मधल्या मजल्यावर आम्ही थांबलो. तटाच्या खिडकीतून धुकं आत येत होतं.

"मनू, डिकीत तुझी बॅग हाय."

"म्हाईत हाय."

"कवा कळलं?"

"सकाळी निळी ओढणी शोधत होतो. कपाट रिकामं." ती हसली. "आईला लपवायला येत न्हाई. पिशवीत चोरीची डबी लपवल्यागत चेहरा करून हिंडत होती."

"आणि तरी आलीस?"

"आत्या, मला एक बघायचं होतं. त्यांनी सगळ्यांच्या देखत माझ्याकडं बघून एकदा चल म्हणावं. मी उठून जातो. माफी बी नको, काय बी नको. चल एवढंच."

"आणि न म्हणाला तर?"

खाली विहिरीच्या पाण्यात वरून थेंब टपटपत होते.

"तर आई ओटी भरंल, आणि मी जाईन. आबांनी सांगितलं तर मी न्हाई म्हणंन. सूरजला तर दोन थोबाडीत देईन. पण आई ताट घेऊन म्होरं आली, पदर पसर म्हणाली, की मला न्हाई म्हणता येत न्हाई. तिनं मला कधी काय मागितलंच न्हाई, आत्या."

वरून यल्लव्वाची हाक आली. "अगं यव्वा, विहिरीत ऱ्हायाला गेलायसा काय?"

जेवणाची सोय अण्णासोनं अंबरखान्याजवळ नजीराच्या झुणका-भाकरीच्या शेडात केली होती. नजीरा गडावरचीच, तिचा नवरा पूर्वी आमच्याकडं म्हशी बघायला यायचा. आज तिनं आपली चूल एका बाजूला घेऊन आम्हाला पाट, ताटं आणि अर्धं शेड मोकळं करून दिलं होतं. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे.

अण्णासोनं पितळेची परात मांडली. जावई पाटावर बसला. त्याच्या पायांना चिखल.

"पावसानं धुतल्यात की, पुन्ना काय धुताय," यल्लव्वा म्हणाली.

"रीत हाय," अण्णासो म्हणाला आणि खाली बसला. राजवीरनं संकोचून पाय मागं घेतला. अण्णासोनं घोटा धरून पुढं ओढला, म्हशीचा खूर धरावा तसा. नजीरा चुलीपाशी तोंड फिरवून हसली.

मनालीनं वाढलं. कटाची आमटी, धोंडे, तूप. ती राजवीरच्या ताटापाशी वाकली तेव्हा त्यानं मान वर केली. सूरजनं माझ्याकडं बघितलं. मी हातातला घास खाली ठेवला.

"मनाली, मी त्या दिवशी," राजवीर म्हणाला.

"राजू, आधी तूप घे. कोरडा धोंडा घशात बसतो," यल्लव्वा म्हणाली.

त्यानं तूप घेतलं. मग त्यानं धोंडा मोडला. मग खाल्ला. मनाली हातात पळी घेऊन तशीच वाकलेली.

"काय म्हणत होता?"

पाऊस वाजत होता, तवा चुरचुरत होता. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग आईकडं. आई जेवत होती.

"काय न्हाई," तो म्हणाला. "धोंडं चांगलं झाल्यात."

मनाली सरळ उभी राहिली. "आणखी एक वाढू?" तिनं विचारलं. अगदी शांतपणे. त्या शांतपणाची मला भीती वाटली.

जेवणं उरकली. राजवीरला वाण दिलं. मग शालननं पिशवीतून ताट काढलं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. एकच खण, एकच नारळ, कारण पाठवायची लेक एक. तिचे हात ओले होते, ते तिनं पुन्हा पुन्हा पदराला पुसले.

"मनू, पाटावर बस," ती म्हणाली.

मनाली बसली. पदराची टोकं तिनं हातात घेतली. यल्लव्वानं सूरजला खुणावलं, डिकीकडं. सूरज किल्ली घेऊन उठला.

मीही उठले. काय करायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. मनालीच्या शेजारी पाटाच्या कडेला जागा होती, तिथं मी बसले आणि माझा पदर पसरला.

"शालन, आधी माझी भर."

"आक्का?"

"मी बी ह्याच घरची माहेरवाशीण. धोंड्याचं जेवलो की. थोरलीला डावलून धाकटीची ओटी भरायची ही कुठली रीत?"

"अगं यव्वा!" यल्लव्वा अर्धी उठली. "कपाळ मोकळं असलेल्या बाईची ओटी? सुनेला घरी न्यायच्या टायमाला? हे काय चांगलं लक्षाण हाय?"

मालक गेल्यापासून ओटीचं ताट माझ्यासमोरून पुढं जायचं. कुणी मुद्दाम करायचं असं नाही. ताट यायचं, माझ्यापाशी जरा अडखळायचं आणि पुढं जायचं. इतकी वर्षं मी हात मांडीवर ठेवून ते बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ताट माझ्यापुढं थांबलं होतं.

"आक्का, आता लहान होऊ नगा," अण्णासो म्हणाला. "उठा."

"तू गप्प. ताट तुझ्या हातात न्हाई."

सगळे शालनकडं बघायला लागले. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं मला मागनं सांगितलं, ती मनालीच्या हातांकडं बघत होती. लहानपणी इंजेक्शन देताना पोरगी अशाच मुठी वळायची, रडायची नाही, नुसत्या मुठी. त्या मुठींत पदराची टोकं होती.

शालननं हळदीत बोट बुडवलं. ते माझ्या कपाळाला लावलं. मग कुंकू. बोट कपाळावर टेकलं तेव्हा माझे डोळे मिटले, ते मी लगेच उघडू शकले नाही. तिनं खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाच्या ओंजळी घातल्या. सुपारी आणि हळकुंडसुद्धा. ताट उलटं करून झटकलं.

"झालं," ती म्हणाली.

सूरज दारात बॅग घेऊन उभा होता. त्याला आधी कळलंच नाही. "आता मनूची भर की आई."

"ताट रिकामं हाय."

"त्याला काय हुतंय? नजीराभाभी, नारळ हाय काय?"

"हाय की. दोन हायत," नजीरा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे, नजीरा," शालन म्हणाली. "नारळ हाय. भरणारी न्हाई."

यल्लव्वाचा आवाज चढला. "म्हंजे पोरगी पाठवत न्हाई म्हणा की सरळ! एवढ्या लांबनं पावसात बोलवून चेष्टा लावलीया काय?"

अण्णासोनं तोंड उघडलं. शालननं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तुम्ही बोलू नगा. आठ महिनं तुम्हीच बोललायसा." मग ती यल्लव्वाकडं वळली. तीस वर्षं तिचा आवाज मी माजघराबाहेर ऐकला नव्हता. आता पत्र्यावरच्या पावसातून तो नजीराच्या चुलीपर्यंत गेला. "ईनबाई, न्यायला माणूस आलं की पोरगी पाठवतो. आज आलेलं माणूस धोंडं खायला आलतं. त्यानं खाल्लं. आता सावकाश जावा, घाटात धुकं हाय."

राजवीर खाली मान घालून उभा होता. त्यानं चपला घातल्या, दारापर्यंत गेला, परत आला. सूरजच्या हातातून ती बॅग घेतली, आमच्या गाडीपाशी नेली आणि पुन्हा डिकीत ठेवली. मनालीकडं बघून काहीतरी म्हणाला. पावसात आम्हाला ऐकू आलं नाही. पुढं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला बी ऐकू आलं न्हाई, आत्या. आणि मी पुन्ना विचारलं बी न्हाई."

राजवीर निज श्रावणात एकटाच एस.टी.नं कोडोलीला आला. अंगणात दोघं तासभर बोलत बसली. दिवाळीपर्यंत तो अधूनमधून येत राहिला, आणि दर वेळी अव्वाला सांगून सावकाश नेतो म्हणाला. मग यायचा थांबला. पुढच्या वर्षी दोघांनी सहमतीनं सोडचिठ्ठीचे कागद केले. त्यानं संकेश्वरकडची मुलगी केली आहे. तिचं बाळंतपण झालं तेव्हा तो दुकान बंद करून दवाखान्यात बसून होता, असं कानावर आलं. ऐकून मनाली म्हणाली, "बरं झालं, शिकलं तरी."

यल्लव्वाच्या धाकट्या सुनेनं वर्षाच्या आत पुण्याला बिऱ्हाड केलं. एकदा गडहिंग्लजच्या बाजारात यल्लव्वा मला भेटली. मला वाटलं, तोंड फिरवील. पण तिनं माझ्या पिशवीत हिरव्या मिरच्या टाकल्या, मला पैसे देऊ दिले नाहीत, आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

सूरजची गगनबावड्याची सोयरीक मोडली. वर्षभर तो माझ्याशी धड बोलला नाही. मग त्यानं आपलं आपण जमवलं, दीक्षा नावाच्या नर्सशी. अण्णासोला ते पटवायला मलाच बसवलं. अण्णासोच्या हृदयात आता स्टेंट आहे. म्हशी विकल्या. पोरीचा विषय निघाला की तो उठून गोठ्यात जातो, जिथं काही नाही.

मनाली कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन राहते. सकाळी लॅब, रविवारी कोडोली. तिच्या मनात कुणी आहे असा मला संशय आहे. मी विचारत नाही.

शालन गेल्या वर्षी मार्गशीर्षात गेली. काविळीचं निमित्त. शेवटच्या दिवसांत मनाली रजा घेऊन तिच्यापाशी होती. एका दुपारी मी दारातच होते तेव्हा मनालीनं तिला विचारलं, "आई, त्या दिवशी आत्या पाटावर बसली नसती तर?"

शालननं मान तिच्याकडं वळवली.

"तर मी तुझी ओटी भरली असती," ती म्हणाली. "आणि तू गेली असतीस. मग आज तुला सांगावा धाडायचं तोंड मला ऱ्हायलं नसतं."